कोणत्या सालची माइल्ड?

अमेरिकेत घरी बिअर बनवणाऱ्या हौशी मंडळींच्या स्पर्धांना जाणते परीक्षक मिळावेत म्हणून १९८५ साली बीजेसीपी ही संस्था सुरू झाली. बिअरचा प्रकार ठरवताना आज जगभर तिच्या मार्गदर्शिकेचा आधार घेतला जातो. २०१५च्या आवृत्तीत ब्रिटिश बिटरसाठी तीन घरं आहेत. मद्यार्क ३.२ ते ३.८ टक्के असेल तर ऑर्डिनरी, ३.८ ते ४.६ असेल तर बेस्ट, आणि ४.६ ते ६.२ असेल तर स्ट्राँग. कागदावर हे नेटकं दिसतं. मात्र लंडनच्या चिझिक भागातल्या फुलर्सच्या ब्रुअरीत वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत पाहिली की ही घरं जरा डळमळायला लागतात. तिथे जवाचं मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, एकदाच गरम पाण्यात भिजवलं जाई. त्यातून पहिल्यांदा निथळून येणारा काढा दाट आणि गोड. त्याच चोथ्यावर पुन्हा गरम पाणी सोडलं की दुसरा काढा येई, तो पातळ. दोन्ही काढे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून वेगवेगळे उकळायचे आणि मग ठरावीक प्रमाणात एकमेकांत मिसळायचे. दाट काढा भरपूर घेतला की ८.५ टक्क्यांची गोल्डन प्राइड, थोडा कमी केला की ५.५ची ईएसबी, त्याखाली ४.१ची लंडन प्राइड, आणि पातळ काढ्याचा भरणा सर्वांत जास्त असला की ३.५ची चिझिक बिटर. मॉल्ट तेच, भिजवण एकच, यीस्टही एकच. पुढे टाकीत किंवा पिंपात कोरडे हॉप्स किती घालायचे, हा काय तो उरलेला फरक. मार्गदर्शिकेच्या हिशेबाने मात्र ह्यांतल्या तीन बिअर बिटरच्या तीन घरांत जातात आणि चौथी वेगळ्याच प्रकरणात, बार्लीवाइन म्हणून.

एका भांड्यातून निघालेल्या चार बिअरना चार प्रकार म्हणायचं की एकाच बिअरच्या चार पायऱ्या? माझं उत्तर दुसरं आहे, आणि ते फक्त चिझिकपुरतं नाही. ब्रिटिश बिअरची बहुतेक पारंपरिक नावं पाककृतीची नावं नव्हेत. ब्रुअरीच्या शिडीवर एखादी बिअर त्या काळी कोणत्या पायरीवर उभी होती, ते ही नावं सांगतात: किती मुरलेली, किती कडक, किती किमतीची, कोणत्या बंदरासाठी भरलेली. पायऱ्यांची उंची करामुळे, युद्धामुळे, धान्याच्या भावामुळे बदलत राहिली. नावं मात्र तीच राहिली. म्हणून साल न सांगता केलेलं वर्गीकरण अर्धवट राहतं. वनस्पतिशास्त्रातल्या जातींसारखं बिअरचं कोष्टक मांडलं की नेमकी ही साल सांगण्याची गरजच नजरेआड होते.

माइल्डपासून सुरुवात करणं सोयीचं, कारण तिच्याइतकी घरं दुसऱ्या कुठल्याच बिअरने बदललेली नाहीत. आज माइल्ड म्हणजे गडद तपकिरी, साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेरची, हॉप्स बेताचे असलेली बिअर. आता १८४०च्या सुमाराच्या लंडनमध्ये जा. तिथे सगळ्यांत साध्या माइल्डच्या पिंपावर एक ‘एक्स’ मारलेला असे, आणि तिच्या काढ्याचं गुरुत्व, पाणी १००० धरलं तर, साधारण १०७० भरे. म्हणजे आजच्या बहुतेक बिटरपेक्षा ती बरीच कडक. शिवाय ती फिक्या मॉल्टची होती, त्यामुळे गडद नव्हती. मग ती माइल्ड कशी? तर ती ताजी होती म्हणून. त्या काळी ब्रुअर पहिला भेद करत तो वयाचा. एक बिअर बनवल्यावर थोड्याच आठवड्यांत पिण्यासाठी, दुसरी महिनोन् महिने लाकडी पिंपांत मुरवून ठेवण्यासाठी. कैरीचा तक्कू आणि वर्षाचं मुरलेलं लोणचं ह्यांत जो फरक, तोच हा. मुरलेल्या बिअरला आंबूस, काहीसा चामड्यासारखा वास येई. तो वास देणारं यीस्ट १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतल्या क्लाउसेन ह्या संशोधकाने इंग्लिश बिअरमधून वेगळं काढलं आणि त्याचं नावच ब्रिटनवरून ठेवलं, ब्रेटॅनोमायसिस. आज ब्रिटिश पबच्या बिटरमध्ये ह्या यीस्टचा वास आला तर परीक्षक गुण कापतात. ज्या चवीवर एके काळी अख्खं वर्गीकरण उभं होतं, ती चव आता दोषांच्या यादीत आहे. मुरवलेली बिअर बाजारातून हटल्यावर तिच्या विरोधात उभं असलेलं ‘माइल्ड’ हे नाव एकटंच मागे राहिलं आणि पुढे ते हळूहळू कमी कडक, गडद, स्वस्त बिअरला चिकटलं.

पोर्टर आणि स्टाउटची गोष्ट अशीच, फक्त इथे शिडी कडकपणाची आहे. पोर्टर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये घडली. ओझी वाहणाऱ्या हमालांत ती लोकप्रिय होती आणि त्यांच्याच पेशावरून तिला नाव मिळालं. १७२२ साली राल्फ हारवुड नावाच्या ब्रुअरने तीन बिअरांचं मिश्रण एकाच पिंपात आणून ती शोधली, ही कथा अजूनही पुस्तकांतून छापली जाते; पण ती ह्या स्वरूपात १८०२मध्ये, म्हणजे ऐंशी वर्षांनी, लिहिली गेली, आणि आधीचा पुरावा तिला दुजोरा देत नाही. पोर्टर मोठमोठ्या पिंपांत मुरवली जाई. ही पिंपं किती मोठी, ह्याचा अंदाज १७ ऑक्टोबर १८१४च्या अपघातावरून येतो. टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या म्यू कंपनीच्या ब्रुअरीतलं बावीस फूट उंचीचं पिंप फुटलं, बिअरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तीत शिरला आणि आठ जण दगावले. ह्या पोर्टरच्या घराण्यातली जी जास्त कडक, ती स्टाउट. ‘स्टाउट’ हा शब्द तेव्हा नुसत्या ताकदीसाठी वापरला जाई, इतका की अठराव्या शतकात फिकी स्टाउटही विकली जात होती. आज बिअरचे जाणकार पोर्टर आणि स्टाउटमध्ये रेघ ओढतात ती भाजलेल्या, मॉल्ट न केलेल्या जवावरून: तो जव असेल तर स्टाउट, नसेल तर पोर्टर. ह्या नियमाला कायद्याच्या पुस्तकातूनच उत्तर मिळतं. १८८०पर्यंत ब्रिटनमध्ये बिअरमध्ये मॉल्ट न केलेलं धान्य वापरायला बंदी होती. गिनेससुद्धा भाजलेल्या जवाकडे वळली ती विसाव्या शतकात. म्हणजे हा नियम खरा मानला तर एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या ऐंशी वर्षांत ब्रिटनमध्ये कायदेशीर स्टाउट नव्हतीच म्हणायची!

खरं तर पोर्टरची पाककृतीही एक राहिलेली नाही. सुरुवातीची पोर्टर संपूर्ण तपकिरी मॉल्टची. मग ब्रुअरीत हायड्रोमीटर आला. जॉन रिचर्डसनने त्यावरचं पुस्तक १७८४ साली काढलं. ह्या काचेच्या-पितळेच्या उपकरणाने एक गैरसोयीचं सत्य दाखवलं: तपकिरी मॉल्ट स्वस्त वाटतं, पण त्यातून साखर कमी निघते, आणि हिशेब केला तर फिकं मॉल्टच परवडतं. ब्रुअर फिक्याकडे वळले आणि रंग टिकवण्यासाठी भलभलत्या वस्तू घालू लागले. १८१६च्या कायद्याने मॉल्ट आणि हॉप्सखेरीज काहीही घालायला मनाई केली. पुढच्याच वर्षी डॅनियल व्हीलरने कॉफीसारखं मॉल्ट भाजण्याच्या पिंपाचं पेटंट घेतलं आणि चिमूटभर काळ्या मॉल्टने सगळ्या बिअरला रंग येऊ लागला. शंभर वर्षांत पोर्टरच्या आतलं जवळजवळ सगळं धान्य बदललं, गिऱ्हाईक मात्र तीच पोर्टर पीत असल्याचं मानत राहिलं. ती त्याच पायरीवर होती म्हणून त्यालाही त्यात वावगं वाटलं नसावं.

आता ह्या शिडीच्या खऱ्या कारागिराकडे येऊ. तो ब्रुअर नव्हे, अबकारी खातं. १६६०च्या इंग्लिश कायद्याने बिअरच्या पिंपाची किंमत सहा शिलिंगांहून जास्त असेल तर ती कडक आणि कमी असेल तर हलकी, असे दोन वर्ग पाडले. १७८२मध्ये मधला ‘टेबल बिअर’चा वर्ग आला. १८३०मध्ये बिअरवरचा कर गेला आणि फक्त मॉल्ट आणि हॉप्सवरचा उरला. १८८० साली ग्लॅडस्टनने मॉल्टवरचाही काढून टाकला आणि थेट काढ्याच्या गुरुत्वावर कर बसवला. त्या दिवसापासून गुरुत्वाचा एकेक अंश पैशांत मोजला जाऊ लागला. ब्रुअरच्या वहीत बिअरची ओळख तिच्या गुरुत्वाने होऊ लागली ती ह्याच काळात, आणि आजच्या मार्गदर्शिकांत प्रत्येक प्रकारापुढे गुरुत्वाची जी पट्टी दिसते तिचा उगम चवीत नाही, करपावतीत आहे. पहिल्या महायुद्धात सरकारने धान्य वाचवण्यासाठी बिअरच्या उत्पादनावर आणि ताकदीवर मर्यादा घातल्या. १९१४मध्ये ब्रिटिश बिअरचं सरासरी गुरुत्व १०५२च्या आसपास होतं. १९१८मध्ये ते १०३०च्या आसपास आलं. चार वर्षांत अख्खी शिडी जमिनीत रुतली. १९२०च्या दशकात सरासरी १०४३पर्यंत सावरली, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा १०३४च्या घरात उतरली. ह्या सगळ्या घसरणीत बिअरची नावं मात्र बहुतेक तीच राहिली. १९१०ची बिटर आणि १९५०ची बिटर ह्यांना एका घरात बसवणं म्हणजे दोघांपैकी एकीवर अन्याय करणं. मार्गदर्शिकांनी अन्याय केला आहे तो १९१०च्या बिटरवर, कारण त्यांचे आकडे युद्धांनंतरच्या शिडीवरून घेतलेले आहेत.

स्कॉटलंडमध्ये तर पायरीचं नावच किमतीवरून. साठ शिलिंग, सत्तर शिलिंग, ऐंशी शिलिंग: एकोणिसाव्या शतकात पिंपाचा जो भाव, तेच बिअरचं नाव. कर वाढले, भाव कुठल्या कुठे गेले, ‘ऐंशी शिलिंग’ मात्र पबच्या फळीवर टिकून राहिली. ह्या बिअरवर नंतरच्या लेखकांनी बरंच कल्पित चढवलं आहे. स्कॉटलंडमध्ये हॉप्स पिकत नाहीत म्हणून तिथली बिअर गोड; तिथल्या मॉल्टला पीटचा धूर लागतो; तिथे काढा आटवून साखर जाळतात. पहिल्याच दाव्याला एडिंबरोचा व्यापार खोटं पाडतो. यंगर आणि मॅक्युअन ह्या तिथल्या कंपन्या एकोणिसाव्या शतकात भरपूर हॉप्स घातलेली पेल एल, म्हणजे फिकी बिअर, जगभर पाठवत होत्या. हॉप्स पिकत नसतील, पण जहाजं होती आणि पैसे होते. उरलेले दोन दावे मला व्हिस्कीच्या प्रतिमेतून बिअरवर सांडलेले वाटतात.

जहाजांचा विषय निघाला की इंडिया पेल एलला (आयपीए) टाळता येत नाही, आणि इथे मराठी वाचकाचा खरोखर संबंध येतो. भारताच्या उष्ण हवेत टिकावी म्हणून लंडनच्या हॉजसनने जास्त हॉप्सची नवी बिअर शोधली, असं सर्रास सांगतात. पण फिकी, हॉप्सदार, मुरवण्याजोगी बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होती. जमीनदारांच्या घरी ऑक्टोबरमध्ये बनवून ठेवली जाई तीच ही. हॉजसनची ब्रुअरी बो ह्या ठिकाणी, ब्लॅकवॉलच्या गोदीजवळ होती, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना तो लांब मुदतीच्या उधारीवर माल देई. त्याचं यश पाककृतीइतकंच पत्त्याचं आणि उधारीचं होतं. समुद्रप्रवासात टिकायला एवढे हॉप्स लागतच होते, हेही सिद्ध होत नाही, कारण पोर्टरही त्याच जहाजांतून येत होती. मुंबई इलाख्यातल्या छावण्यांमध्ये गोरा शिपाई पोर्टर पीत असे. पेल एल साहेबाच्या टेबलावर असे. हॉजसनची मक्तेदारी मोडली ती बर्टनच्या ऑलसॉप आणि बास ह्यांनी, १८२२-२३नंतर, रशियाचा बाजार जकातीमुळे हातचा गेल्यावर. ‘इंडिया’ हा शब्द मुळात गिऱ्हाईक सांगणारा, बंदराचा शिक्का. म्हणून ग्रीन किंग कंपनीची ३.६ टक्क्यांची म्हणून वर्षानुवर्षं विकली गेलेली आयपीए पाहून जाणकार नाकं मुरडतात, नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात, तेव्हा मला ते पटत नाही. दोन महायुद्धांनंतरच्या इंग्लंडमध्ये बऱ्याच ब्रुअऱ्यांची आयपीए हलकीच होती. पायरी घसरली, शिक्का राहिला; फसवणूक कुणी केली नाही.

ह्यावर पहिला आक्षेप बर्टनचाच येईल. ट्रेंट नदीकाठच्या ह्या गावाच्या विहिरींत जिप्सम मुरलेलं आहे. त्या पाण्याने पेल एल स्वच्छ आणि हॉप्सचा कडवटपणा धारदार होतो. लंडन आणि डब्लिनचं चुनखडीचं पाणी गडद बिअरला मानवतं. मग प्रकारांना मातीचा, पाण्याचा ठोस पाया आहे, नुसती शिडी कशी? आक्षेप रास्त आहे आणि अर्धा मान्यही. पाण्याने बिअर बदलते हे रसायनशास्त्र आहे. पण त्याच बर्टनमध्ये, त्याच विहिरींच्या पाण्याने, पेल एलच्या आधीपासून बर्टन एल नावाची गोडसर, गडद, कडक बिअर बनत होती आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनच्या पबमध्ये ती सर्रास मिळे. एकाच पाण्याच्या ह्या दोन टोकाच्या बिअर. शिवाय १८७८पर्यंत दुसरीकडच्या पाण्यात खनिजं मिसळून बर्टनसारखं पाणी करण्याची रीत जाहीर झाली आणि हा भौगोलिक आधार खरेदी करता येऊ लागला. लंडनच्या यंग्ज ब्रुअरीने १९७१मध्ये आपल्या बर्टनचं नाव बदलून विंटर वॉर्मर केलं. बीजेसीपीच्या २०१५च्या कोष्टकात बर्टन एलला स्वतःचं घर नव्हतं. प्रकार मेला नव्हता, त्याचं नाव पुसलं गेलं होतं, आणि नावावर बांधलेल्या वर्गीकरणाला तो दिसला नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. इतिहास काहीही असो, आज माझ्यासमोर माइल्ड आणि बिटरचे दोन ग्लास ठेवले तर डोळे मिटून फरक सांगता येतो. मग प्रकार खोटे कसे? ते खोटे नाहीत. आजच्या बाजाराचं ते खरं वर्णन आहे, आणि स्पर्धेत पन्नास ग्लासांची तुलना करायची तर परीक्षकाला अशा वर्णनाची गरज असतेच. माझं म्हणणं एवढंच की ते आजचं वर्णन आहे. ‘पारंपरिक’ ह्या शब्दाने त्याला जे अनादी वजन दिलं जातं ते त्याला पेलत नाही. मायकेल जॅक्सन ह्या इंग्लिश लेखकाचं जगातल्या बिअरवरचं पुस्तक १९७७मध्ये आलं (गायक तो वेगळा) आणि बिअरचे ‘प्रकार’ ही कल्पना त्याने लोकांच्या तोंडी केली. त्याने समोर दिसत होतं ते प्रामाणिकपणे टिपलं, पण ते १९७७चं छायाचित्र होतं. पुढच्यांनी त्यालाच वंशवृक्ष मानलं. इंग्लंडची ब्राउन एल उत्तरेची आणि दक्षिणेची अशी त्याने विभागली. उत्तरेची म्हणजे १९२७मध्ये आलेली न्यूकॅसल ब्राउन, दक्षिणेची म्हणजे मॅनची गोड बाटली. एकेका बिअरवरून एकेका भागाच्या नावाने अख्खी परंपरा उभी राहिली. बीजेसीपीने ती विभागणी वर्षानुवर्षं छापली आणि २०१५मध्ये मागे घेतली. दक्षिणेची ब्राउन आता ऐतिहासिक बिअरच्या यादीत ‘लंडन ब्राउन एल’ म्हणून गेली.

स्वतः ब्रिटिश पिणाऱ्यांनी जेव्हा संघटित होऊन रेघ ओढली, तेव्हा ती प्रकारांमध्ये ओढलीच नाही. १९७१मध्ये चार तरुणांनी सुरू केलेल्या कॅम्रा ह्या चळवळीचा पहिला प्रश्न होता: बिअर पिंपात जिवंत आहे की नाही? ब्रुअरीतून निघालेल्या पिंपात यीस्ट शिल्लक असतं, ते पबच्या तळघरात पुन्हा काम करतं. तळघर अकरा ते तेरा अंशांवर ठेवायचं. पिंपाच्या वरच्या भोकात आधी मऊ लाकडाची खुंटी मारायची म्हणजे जास्तीचा वायू निघून जातो. तो जोर ओसरला की कठीण लाकडाची, म्हणजे उरलेला वायू आतच राहतो. माशाच्या पोटातल्या वायुपिशवीपासून केलेला चिकट पदार्थ यीस्टला खाली बसवतो, आणि बिअर स्वच्छ झाली की हातपंपाने वर खेचून तीन दिवसांत संपवायची. एका नऊ गॅलनच्या पिंपातली बिटर पहिल्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी सारखी लागत नाही. कुठलीही मार्गदर्शिका ह्या फरकाला घर देत नाही, पबचं नेहमीचं गिऱ्हाईक मात्र त्यावरूनच पब निवडतं. ‘बिटर’ हे नावही असंच गिऱ्हाइकाच्या तोंडून आलेलं. ब्रुअरच्या वहीत ती पेल एलच होती. काउंटरवर माइल्डपासून वेगळी मागता यावी म्हणून लोक तिला बिटर म्हणू लागले. मागणाऱ्याचा शब्द जिंकला.

तिसराही प्रश्न आहे: सगळंच सरकतं म्हटलं तर वर्गीकरण करायचंच नाही का? करावं, पण दोन अक्षांवर. एक अक्ष ब्रुअरीच्या शिडीचा, म्हणजे त्याच घरातल्या इतर बिअरच्या तुलनेत ही कुठे, दुसरा सालाचा. ‘१८४०ची लंडनची एक्स’, ‘१९१३ची बर्टनची पेल एल’, ‘१९५५ची माइल्ड’ असं म्हटलं की गुरुत्व, रंग, मुरवण, सगळं आपोआप बरंचसं ठरतं, आणि ब्रुअऱ्यांच्या जुन्या वह्यांशी ते पडताळूनही पाहता येतं. हे स्पर्धेच्या टेबलावर अडचणीचं आहे, हे कबूल. पण ही अडचण वास्तवातूनच आलेली आहे. ती काढून टाकायची तर वास्तवाचाही काही भाग काढून टाकावा लागतो.

शिवाय शिडी थांबलेली नाही. जून १९९३मध्ये ब्रिटनने कर काढ्याच्या गुरुत्वावरून उचलून तयार बिअरमधल्या मद्यार्कावर नेला. ऑगस्ट २०२३मध्ये त्यात मोठा बदल झाला: साडेतीन टक्क्यांच्या आतल्या बिअरवर कर ठळकपणे कमी. त्यानंतर काही ब्रुअऱ्यांनी आपल्या जुन्या, नावाजलेल्या बिअर ३.४ टक्क्यांवर आणून ठेवल्या. पंपावरच्या बिल्ल्यावर नाव तेच, हातपंप तोच. १९१८प्रमाणेच आताही नाव जागच्या जागी आहे आणि पायरी खाली सरकते आहे, फक्त ह्या वेळी टक्क्यांचा आकडा बिल्ल्यावर छापलेला असतो.